मिनिटे नकोत, पाकाची खूण छापा

माननीय संपादक महोदय,

स. न. वि. वि.

नारळी पौर्णिमेच्या निमित्ताने आपल्या रविवारच्या पुरवणीत नारळाच्या दुधाच्या चघळायच्या वड्यांची कृती प्रसिद्ध झाली होती. सणाला नारळीभात आणि चवाच्या, म्हणजे खवलेल्या नारळाच्या, वड्या घरोघरी होतातच. पण जी वडी दाताखाली मोडत नाही, ओढली तर ताणली जाते आणि तोंडात ठेवली की सावकाश विरघळत राहते, ती घरच्या कढईत, घरच्या नारळातून करता येते, हे सांगणारी कृती वृत्तपत्रात क्वचितच वाचायला मिळते. त्याबद्दल आपले मनापासून आभार. मात्र त्या कृतीतून एक गोष्ट राहून गेली आहे आणि ती इतकी मूळची आहे की तिच्यावाचून बाकीची सगळी मापे बरोबर असूनही पदार्थ हाती लागत नाही. त्यासाठीच हे पत्र लिहीत आहे.

कृतीत म्हटले होते की दोन वाट्या नारळाचे दूध आणि दीड वाटी गूळ एकत्र करून मध्यम आचेवर २० मिनिटे ढवळावे, तूप लावलेल्या ताटात ओतावे आणि थंड झाल्यावर तुकडे कापावेत. मी रत्नागिरी तालुक्यात राहते, स्वयंपाकघरात चाळीस वर्षे गेली आहेत आणि चवाच्या वड्या मी डोळे मिटून करू शकते, असे म्हटले तरी चालेल. तरीही ही कृती मी शब्दशः पाळली, कारण हा प्रकार मी स्वतः कधी केला नव्हता. माझ्या आईला मात्र तो लहानपणापासून माहीत आहे. आई आज ८३ वर्षांची आहे. तिच्या माहेरी पावसाळ्यात माडाखाली पडलेले नारळ वाया जाऊ नयेत म्हणून अशा वड्या करून डब्यात भरून ठेवत असत, असे ती नेहमी सांगते. पुरवणीतली कृती मी तिला वाचून दाखवली तेव्हा तिचा चेहरा उजळला आणि मी लगेच दोन नारळ फोडले.

पहिल्या दिवशी घड्याळ लावून २० मिनिटे ढवळले आणि ताटात ओतले. संध्याकाळपर्यंत ताटात काकवीसारखा रस होता. सुरी फिरवली की रेघ उमटायची आणि पुन्हा मिटून जायची. दुसऱ्या दिवशी आणखी दोन नारळ घेतले आणि या वेळी कढईतले मिश्रण चांगले दाट दिसेपर्यंत आच सोडली नाही. ताटात ओतले तेव्हा ते अगदी हवे तसे वाटले. तासाभराने मात्र त्याचे तुकडे करायला बत्ता घ्यावा लागला. त्यातला एक लहानसा तुकडा मी आईला दिला. तिने तो गालात धरला, बराच वेळ काही बोलली नाही आणि मग हळूच तोंडातून काढून लुगड्याच्या पदराच्या टोकात बांधून ठेवला. मला वाईट वाटू नये म्हणून तिने तसे केले हे मला दिसले. थोड्या वेळाने तिने एकच प्रश्न विचारला, “वाटीत पाणी घेतलं होतंस का?”

मी घेतले नव्हते. घ्यावे असे कृतीत लिहिलेले नव्हते आणि चवाच्या वड्यांना ते लागत नाही, कारण तिथे मिश्रण गोळा होऊन कढई सोडू लागले की काम झाले, हे डोळ्यांना दिसते. नारळाच्या दुधाच्या वडीत चोथा नसतो, त्यामुळे गोळा होणार तरी कशाचा? तिथे सगळा कारभार पाकाचा आहे आणि गरम पाक डोळ्यांना फसवतो. कढईत उकळत असताना जो पातळ दिसतो, तो थंड झाल्यावर घट्ट होतो. आणि जो कढईतच दाट दिसू लागला, तो थंड झाल्यावर दगड होणार हे ठरलेले असते. माझ्या दोन्ही फजितींचे मूळ या एका गोष्टीत होते आणि दोन्ही वेळा माझ्यासमोर तीच एक कृती होती.

पाक शिजतो म्हणजे त्यातले पाणी उडते. पाणी उडत जाईल तसे साखरेचे प्रमाण वाढते आणि त्याबरोबर पाकाचा उकळण्याचा अंश चढत जातो. नुसते पाणी समुद्रकाठी १०० अंश सेल्सिअसला उकळते. पाक ११२ ते ११६ अंशांपर्यंत चढला म्हणजे त्यात शेकडा ८५च्या आसपास साखर उरलेली असते आणि ११८ ते १२० अंशांवर ती ८७च्या घरात जाते. चघळायची वडी होते ती या दुसऱ्या टप्प्यावर. त्याच्या खाली ती ताटात पसरत राहते. त्याच्या वर १२५, १३० अंशांकडे गेली की कडक होते. आणि १५० अंशांजवळ गेली तर तिची चिक्की होते, जी चावली की कट्कन मोडते. हव्या असलेल्या टप्प्याची रुंदी दोन-तीन अंशांची आहे. पाक शेवटच्या काही मिनिटांत तो टप्पा झपाट्याने ओलांडतो, म्हणून अर्धा तास शांतपणे ढवळणाऱ्या माणसाचा पदार्थही अखेरच्या दोन मिनिटांत बिघडतो.

आता ही २० मिनिटे कोणाची, हा खरा प्रश्न आहे. एका नारळाचे दूध दाट निघते, दुसऱ्याचे पातळ. एक बाई चवात अर्धी वाटी पाणी घालून पिळते, दुसरी दोन वाट्या घालते. एकीची कढई पसरट, दुसरीचे पातेले उभट. कोणाकडे गॅसची मोठी शेगडी, कोणाकडे इंडक्शन, आमच्या शेजारच्या वाडीत अजून चूल. उडवायचे पाणी प्रत्येक ठिकाणी वेगळे, आच वेगळी आणि वाफ सुटायला मिळणारी जागाही वेगळी. पुढे मी सावकाश आचेवर हीच वडी केली तेव्हा एकदा ३५ मिनिटे लागली आणि एकदा जवळजवळ ५५. तेव्हा “२० मिनिटे” हा आकडा ज्या घरात मोजला गेला असेल त्या घरापुरताच खरा होता, आणि तो लाखभर घरांसाठी छापला गेला.

आमच्या आयांनी आणि आज्यांनी हे मोजमाप घड्याळावर सोडलेच नव्हते. त्यांनी पाकाला पायऱ्या दिल्या आणि त्या पायऱ्यांना नावे दिली. दोन बोटांत धरून उघडला की एक तार निघते तो एकतारी पाक. तो रव्याच्या लाडवांना लागतो. त्यापुढचा दोनतारी. त्यापुढे तार मोजून भागत नाही, म्हणून वाटीत गार पाणी घ्यायचे, त्यात पाकाचा थेंब टाकायचा आणि पाण्यातच बोटांनी तो गोळा करून पाहायचा. गोळी झाली की गोळीबंद पाक. ही नावे आजही कित्येक घरांत बोलली जातात. ती नावे म्हणजे अंशांचे मोजमापच आहे, फक्त ते काचेच्या नळीऐवजी बोटांवर वाचायचे आहे.

ही परीक्षा कशी करायची ते थोडे सविस्तर सांगते, कारण नुसते “गोळीबंद पाक करावा” असे लिहूनही नवशिक्याचे भागत नाही. पाणी माठातले किंवा साधे गार असावे. बर्फाचे नको, कारण त्यात कच्चा पाकही क्षणभर आवळतो आणि चकवतो. थेंब टाकण्यापूर्वी गॅस बंद करावा, नाहीतर आपण वाटीत बोटे घालून पाहत असताना कढईतला पाक पुढे निघून जातो. सुरुवातीला थेंब पाण्यात पडताच विरतो आणि पाणी गढूळ होते. काही वेळाने तो तळाशी जाऊन चिखलासारखा बसतो. उचलू गेले तर बोटांना लागतो पण एकत्र येत नाही. त्यानंतर त्याची गोळी होते, पण पाण्याबाहेर काढून तळहातावर ठेवली की ती आपल्या वजनाने पसरते. इथे बहुतेक जण थांबतात आणि वडी मऊ राहते. आणखी थोडे शिजवले की जी गोळी होते ती तळहातावर गोलच राहते, दोन बोटांनी दाबली तर चपटी होते आणि ओढली तर तुटण्यापूर्वी लांब होते. हीच ती खूण. गोळी वाटीच्या कडेवर आपटून टक् असा आवाज आला तर समजावे की आपण पुढे गेलो.

काही वाचक म्हणतील की आता स्वयंपाकाचे थर्मामीटर मिळतात, मग हा खटाटोप कशाला. माझा थर्मामीटरला विरोध नाही. माझी मुलगी पुण्यात तोच वापरते. पण तिच्या वड्या माझ्यापेक्षा सतत कडक होत होत्या आणि त्याचे कारण शोधायला आम्हाला दोन महिने लागले. पुणे समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचावर आहे आणि तिथे पाणीच ९८ अंशांच्या आसपास उकळते. आमच्याकडे ११९ अंशांवर जो पाक तयार असतो, तो पुण्यात ११७ अंशांवरच तयार झालेला असतो. ती मात्र माझा आकडा गाठण्यासाठी तो दोन अंश पुढे नेत होती. महाबळेश्वरात हाच फरक चार-पाच अंशांचा होईल. म्हणून थर्मामीटर वापरणाऱ्याने आधी साधे पाणी उकळून आपल्या गावी ते किती अंशांवर उकळते ते पाहावे आणि १००पेक्षा जितके कमी भरेल तितके पाकाच्या अंशांतून वजा करावे. वाटीतल्या गोळीला मात्र ही वजाबाकी करावी लागत नाही. ती रत्नागिरीत आणि महाबळेश्वरात सारखीच वागते, कारण ती पाकात उरलेले पाणीच थेट दाखवते.

पुरवणीतल्या कृतीत दुसरी एक ओळ होती, जी माझ्या मते चुकीचीच होती. पाक झाल्यावर कढई उतरवून “मिश्रण चांगले घोटावे” असे तिथे म्हटले होते. घोटायची ती चवाची वडी. पाक निवत असताना आपण उलथन्याने तो घोटतो तेव्हा साखरेचे बारीक कण धरू लागतात, मिश्रणाची चकाकी जाते, ते फिके आणि रवाळ होते आणि त्यामुळेच वडी खुटखुटीत पडते. चघळायच्या वडीत आपल्याला याच्या अगदी उलट हवे असते. तिथे साखरेचा कण धरता कामा नये. पाक थंड होईपर्यंत काचेसारखा एकसंध राहिला तरच तो ताणला जाईल. म्हणून पाक तयार झाला की तो लगेच ताटात ओतायचा, कढईच्या कडांना चिकटलेले खरवडून त्यात मिसळायचे नाही आणि ताटाला हात लावायचा नाही. जिन्नस तेच, कढई तीच, आणि तरी एका वडीला हात चालवावा लागतो व दुसरीला हात आवरावा लागतो. ही गोष्ट मला आईने सांगितली तेव्हा चाळीस वर्षे मी जे करत आले त्याचा अर्थ मला पहिल्यांदा कळला.

गुळाच्या बाबतीतही दोन शब्द लिहिणे आवश्यक आहे. साखरेपेक्षा गुळाची वडी अधिक चिवट होते, कारण उसाचा रस काहिलीत शिजताना साखरेचा काही भाग मोडून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज तयार होतात आणि ते उरलेल्या साखरेला कण धरू देत नाहीत. चिक्कीचा गूळ म्हणून जो मऊसर, चिकट गूळ वाण्याकडे वेगळा मिळतो, तो यासाठी उत्तम. कोल्हापुरी गुळाची ढेप फोडून घेतली तरी छान होते, पण अगदी पिवळाधमक दिसणारा गूळ मी घेत नाही; रंग उजळण्यासाठी वापरलेल्या रसायनाची शंका राहते. साखरच वापरायची असेल तर ती थोड्या पाण्यात विरघळताना अर्धा चमचा लिंबाचा रस घालावा आणि नारळाचे दूध त्यानंतर घालावे. लिंबाच्या आंबटाने साखर तशीच मोडते आणि गुळाचे काम करते. कृतीत जो लिक्विड ग्लुकोज, म्हणजे ग्लुकोजचा तयार दाट पाक, लिहिला होता त्याचे कामही हेच आहे, पण तो आमच्या तालुक्याच्या बाजारात सहज मिळत नाही आणि का घालायचा हे कृतीत सांगितले नसल्यामुळे तो वगळला तर काय होईल हे वाचकाला समजायला मार्ग नव्हता. व्हिएतनाममधल्या बेन त्रे भागातली नारळाची चिवट गोळी जगभर ओळखली जाते. तिथे नारळाच्या दुधात साखरेबरोबर मोड आणलेल्या धान्यापासून काढलेले माल्ट घालतात आणि गोळ्या एकमेकींना चिकटू नयेत म्हणून तांदळाच्या खाता येणाऱ्या पातळ कागदात गुंडाळतात. त्या माल्टचे कामही साखरेचा कण अडवण्याचेच. आपल्या शेजारी गोव्यात दोदोल करताना नारळाचे दूध, माडाचा काळा गूळ आणि तांदळाचे पीठ तासन् तास आटवतात. तिथे चिवटपणा मुख्यतः पिठातून येतो, म्हणून त्याची खूण वेगळी, ती गोळीबंद पाकाची नव्हे. हे सांगायचे कारण एवढेच की वडी चिवट करण्याचे मार्ग अनेक आहेत आणि कृती देणाऱ्याने आपण कोणता मार्ग घेतला आहे हे स्पष्ट केले पाहिजे.

नारळ कसा घ्यावा याबद्दल कृतीत फक्त “नारळाचे दूध” असे दोन शब्द होते. नारळ पूर्ण तयार झालेला, म्हणजे फुलोऱ्यापासून ११-१२ महिन्यांचा असावा. हलवला की पाणी खळखळले पाहिजे. कोवळ्या नारळाच्या दुधात स्निग्धांश कमी आणि पाणी जास्त, त्यामुळे आटवायला वेळ लागतो आणि वडीला मऊपणा येत नाही. आमच्याकडे बहुतेक माड बाणवली जातीचे आहेत, ज्यांना गोव्यातल्या बाणावली गावावरून नाव पडले. त्यांच्या खोबऱ्याचे दूध चांगले दाट निघते. चव मिक्सरमधून काढून पहिल्यांदा जे दूध पिळतो, ज्याला जुनी माणसे अंगरस म्हणतात, तेवढेच घ्यावे. दुसऱ्या पिळ्याचे पातळ दूध आमटीला किंवा सोलकढीला वापरावे. मोठ्या आचेवर अंगरस फार वेळ ठेवला तर तेल सुटते आणि पाकावर तवंग दिसू लागतो. तसे झाले तर घाबरून जाऊ नये, दोन चमचे गरम पाणी घालून आच कमी करावी आणि संथपणे ढवळत राहावे, बहुतेक वेळा ते पुन्हा एकजीव होते.

आणि बिघडलेली वडी टाकून देऊ नये, हेही कोणीतरी छापायला हवे. नारळ आज स्वस्त राहिलेला नाही. पहिल्या दोन दिवसांत माझे चार नारळ गेले आणि त्यातले काहीच वाया जाण्याचे कारण नव्हते. ताटात पसरलेला पाक पुन्हा कढईत घालून गोळी होईपर्यंत शिजवता येतो. दगड झालेली वडी फोडून, अर्धी वाटी गरम पाणी घालून मंद आचेवर विरघळवावी आणि पाण्याच्या परीक्षेने पुन्हा त्या टप्प्यापर्यंत आणावी. मी तिसऱ्या दिवशी नेमके हेच केले. दुसऱ्या दिवशीची कडक वडी विरघळवून पुन्हा केली आणि या वेळी वाटी घेऊन आई स्वतः शेगडीजवळ खुर्चीवर बसली होती. तिची बोटे आता थरथरतात, तरी पाण्यातली गोळी तिनेच दाबून पाहिली आणि “उतरव” म्हणाली. थर्मामीटर ११९ दाखवत होता.

सुरक्षेबद्दल कृतीत एक अक्षरही नव्हते. उकळता पाक पाण्यापेक्षा कितीतरी अधिक गरम असतो आणि तो त्वचेवर पडला की ओघळून जात नाही, चिकटून बसतो. म्हणून ढवळायला लांब दांड्याचे उलथने घ्यावे, कढई अर्ध्याहून अधिक भरू नये, कारण दूध-गूळ उकळताना वर येतो, आणि लहान मुलांना शेगडीपासून दूर ठेवावे. भाजलेच तर तो भाग २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, हळद किंवा तूप लावू नये. दुसरे असे की चिवट, गोल तुकडा लहान मुलाच्या घशात अडकू शकतो. चार-पाच वर्षांखालच्या मुलांना ही वडी देऊच नये आणि मोठ्यांसाठीही ती बोटाच्या पेराएवढ्या चपट्या पट्ट्यांत कापावी. शिवाय कृतीच्या शेवटी “गूळ असल्याने मधुमेहींनाही चालेल” असे जे वाक्य होते, ते आपण कृपा करून दुरुस्त करावे. गुळात बहुतांश साखरच असते आणि रक्तातली साखर तो वाढवतोच. माझ्या ओळखीतल्या दोन घरांत या एका वाक्याच्या भरवशावर वडीलधाऱ्यांना भरपूर वड्या दिल्या गेल्या, हे मला कळले तेव्हा मी खरोखर अस्वस्थ झाले.

नुसती तक्रार करून थांबणे मला योग्य वाटत नाही, म्हणून आईच्या पद्धतीने जशी वडी झाली तशी ती इथे लिहून देते. दोन मध्यम तयार नारळांच्या चवात अर्धी वाटी कोमट पाणी घालून दीड ते पावणेदोन वाट्या दाट दूध पिळून घ्यावे आणि फडक्यातून गाळावे. ३०० ग्रॅम चिक्कीचा गूळ किसून त्यात घालावा, चिमूटभर मीठ टाकावे आणि जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर गूळ विरघळला की एकदा पुन्हा गाळून घ्यावे, कारण गुळात उसाची चिपाडे किंवा खडा निघू शकतो. मग मंद ते मध्यम आचेवर, तळाला लागू न देता, सावकाश ढवळत आटवावे. बुडबुडे आधी मोठे आणि पांढरट असतात. ते लहान, दाट आणि तपकिरी झाले आणि उलथने फिरवल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसू लागला की वाटीत पाणी घेऊन परीक्षा सुरू करावी आणि दर दोन मिनिटांनी गॅस बंद करून ती पुन्हा करावी. तळहातावर गोल राहणारी, दाबली की चपटी होणारी आणि ओढली की लांबणारी गोळी झाली, की एक चमचा तूप आणि थोडी जायफळाची पूड घालून, फक्त मिसळेल इतके दोनदा ढवळून, तूप लावलेल्या ताटात ओतावे. हात न लावता दोन तास ठेवावे, तूप लावलेल्या सुरीने पट्ट्या कापाव्यात आणि प्रत्येक पट्टी बटर पेपरमध्ये गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावी. पावसाळ्यात गूळ हवेतली ओल ओढून घेतो, म्हणून त्या दिवसांत पाक नेहमीपेक्षा किंचित घट्ट ठेवावा आणि डबा उघडा टाकू नये. नारळाचा स्निग्धांश खवट होतो, त्यामुळे आमच्या घरी या वड्या आठ दिवसांवर ठेवत नाही. तशा त्या राहतही नाहीत.

आपल्या पुरवणीला माझी विनंती आहे की पाकावर चालणाऱ्या कोणत्याही पदार्थाची कृती छापताना, मग ती चिक्की असो, तिळगूळ असो, पाकातल्या पुऱ्या असोत की ही नारळाची वडी, मिनिटांचा आकडा दिला तरी त्याच्या शेजारी पाकाची पायरी आणि ती ओळखण्याची खूण अवश्य द्यावी. जागा अपुरी पडत असेल तर सजावटीचे छायाचित्र थोडे लहान करावे. एकतारी, दोनतारी, गोळीबंद हे शब्द ज्या मुलींनी घरात ऐकलेले नाहीत, त्यांना ते आता वर्तमानपत्रातूनच कळणार आहेत. माझ्या मुलीला मी फोनवर हे सगळे सांगितले तेव्हा तिने विचारले की आजीने हे आधी का सांगितले नाही. आजीला कोणी विचारलेच नव्हते, कारण कृती छापील होती आणि तिच्यात मिनिटे लिहिलेली होती.

पुढच्या नारळी पौर्णिमेच्या आधी आपण ही कृती पुन्हा प्रसिद्ध करणार असाल, तर वर लिहिलेला मजकूर त्यासाठी वापरण्यास माझी काहीही हरकत नाही. त्यात फक्त घोटण्याची ओळ आणि मधुमेहाचे वाक्य पुन्हा येऊ देऊ नये, आणि वाटीभर गार पाणी जिन्नसांच्या यादीतच, नारळ आणि गुळाच्या शेजारी लिहावे.

कळावे,

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक, रत्नागिरी तालुका